टेपकाकूंच्या वहीतली गुंडी

टेपकाकूंना तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असतात, बाई भांडकुदळ दिसते. दिसायच्याच तशा. भुवया कायम आक्रसलेल्या, गळ्यात पिवळी टेप आणि ओठांत दोन टाचण्या. टाचण्यांमुळे त्या तोंड न उघडता बोलायच्या, आणि तोंड न उघडता बोललेलं कुठलंही वाक्य रागावल्यासारखंच ऐकू येतं. भांडण मात्र मी त्यांचं कधी कुणाशी पाहिलं नाही. भांडायला तरी समोर माणूस लागतं, आणि तेच त्यांच्याकडे नव्हतं.

त्यांचं शिवणाचं दुकान आमच्या इमारतीसमोर, रस्त्यापलीकडे. बस डेपोच्या फाटकाला अगदी चिकटून. वर डेपोचं मोठं घड्याळ, खाली काकूंची पाटी. दुकान इतकं अरुंद की दोन मशिनी आणि कापायचं टेबल ठेवल्यावर उरलेल्या जागेत एक स्टूल मावायचं, आणि त्या स्टुलावर मी. पण ते पुढचं.

दुकान मूळ त्यांच्या नवऱ्याचं. तो सूट शिवायचा. तयार कपड्यांनी सूटांचा धंदा बसवला आणि मग नवराही गेला. काकूंकडे राहिलं ते आमच्या शाळेचं काम. शाळेला ठरावीक कापडाचा गणवेश लागायचा, तो बाजारात तयार मिळायचा नाही, त्यामुळे दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेश लहान झालेली सगळी पोरं काकूंसमोर हात पसरून उभी. मुलगा दुसऱ्या शहरात, दर रविवारी फोन करायचा. त्याच्याशी काय बोलायचं ते काकू शनिवारीच कागदावर लिहून ठेवायच्या, म्हणजे बोलणं लवकर संपत नाही. टपरीवरून त्यांना दोन कप चहा यायचा. नवरा असतानापासूनचा रतीब होता, तो त्यांनी मोडला नाही. एक गरम प्यायच्या आणि दुसरा गार झाल्यावर.

नवऱ्याने त्यांना एक गोष्ट शिकवली होती, छातीचं माप दोनदा घ्यायचं. एकदा श्वास सोडून, एकदा भरून. "नुसतं रिकाम्या छातीचं घेतलं तर पोर पहिल्यांदा पोटभर हसेल तेव्हा गुंडी तुटेल," असं तो म्हणायचा. म्हणून काकूंच्या जाड वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढे छातीचे दोन आकडे असत. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे याच दोन आकड्यांनी सगळा घोळ बाहेर काढला.

मी आठ वर्षांची होते. आई औषधांच्या गोदामात खोकी भरायची, दिवसभर उभ्याने, आणि सातला घरी यायची. बाबांनी दुसरीकडे संसार थाटला होता, त्या विषयावर आमच्याकडे अळीमिळी गुपचिळी. शाळा सुटायची तीनला. तीन ते सात मी, दोन खोल्या आणि नळाची टपटप. एके दिवशी किल्ली घरातच राहिली आणि मी काकूंच्या पायरीवर जाऊन बसले.

"काय गं?" टाचण्यांतून आवाज आला.

"किल्ली विसरले."

"आत बस. बाहेर धूर आहे."

त्या दिवशी चहाचा दुसरा कप मला मिळाला. पाव, त्यावर लोणी, लोण्यावर साखर. दुसऱ्या दिवशी किल्ली दोरीला बांधून माझ्या गळ्यात होती, फ्रॉकच्या आत. तरी मी पायरीवर गेले आणि म्हणाले, किल्ली विसरले. तिसऱ्या दिवशीही. आठ वर्षांच्या मुलीला वाटतं तेवढी मोठी माणसं बावळट नसतात. पुढे गणवेशाचं माप घेताना काकूंनी छातीभोवती टेप गुंडाळली, ती बरोब्बर किल्लीवर आली. त्यांनी टेप जरा वर सरकवली, आकडा लिहिला आणि चकार शब्द काढला नाही. दोन वर्षं मी रोज किल्ली विसरले आणि दोन वर्षं त्यांनी ते खरं मानलं.

मी त्यांना गुंड्या लावून द्यायला शिकले, म्हणून त्या मला गुंडी म्हणू लागल्या. त्या मशीन चालवायच्या, मी दोरा ओवायची, आणि मधोमध बिस्किटांचा डबा उघडाच. "एकटीला खायचा कंटाळा येतो बाई," त्या म्हणायच्या. मी आले तशी त्यांनाही भूक लागू लागली होती. त्या मला रविवारच्या फोनचा कागद वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, यात आणखी काय घालू? मी म्हणायची, पाऊस पडला ते घाला. हसू नका. त्या चार तासांइतकं सुख मला तेव्हा दुसऱ्या कशात नव्हतं, आणि आता वाटतं, त्यांनाही नव्हतं.

मी जाड होत चालले होते. वर्गात मला ढोल म्हणायचे. एकदा कवायतीत हात वर केला आणि पोटावरची गुंडी टचकन तुटून पुढच्या मुलीच्या मानेवर लागली. चाळीस पोरं हसली. मी दुपारी दुकानात येऊन इतकी रडले की उचक्या थांबेनात. काकूंनी माझा फ्रॉक काढून घेतला, नवऱ्याचा एक जुना शर्ट मला घातला आणि फ्रॉकच्या दोन्ही कुशी उसवायला बसल्या. आत त्यांनी भरपूर जादा कापड सोडलेलं असायचं. त्यातलं बोटभर बाहेर घेऊन नवी टीप मारली.

"आता नाही तुटायची," त्या म्हणाल्या. "तुझी गुंडी आता कधीच तुटणार नाही."

आणि त्यांनी शब्द पाळला, हीच तर चूक झाली. दर तीन-चार महिन्यांनी म्हणायच्या, "आण गं, बाहीचा टाका सुटलाय." टाका सुटलेला नसायचा. मी तो शर्ट घालून बसायची, त्या कुशी उसवायच्या आणि एक बोट आणखी सैल. घरोघरी आयांना पोर जाड झाल्याचं कशाने कळतं? कपडा घट्ट होतो तेव्हा कळतं. माझा कपडा कधी घट्ट झालाच नाही. आईला मी रोज सातनंतर दिसायची, दिव्याच्या उजेडात, त्याच फ्रॉकमध्ये. तिला कसं कळावं?

बरं, नुसतं जाड होणं नव्हतं. पळाले की छातीत मांजराचं पिल्लू बोलल्यासारखा आवाज यायचा. मग मी पळणं सोडलं. कवायतीच्या बाईंनी माझ्या हातात शिट्टी आणि हजेरीची वही दिली आणि मला बाकावर बसवलं. इतर पोरं मैदानात, मी बाकावर, आणि मनातून खूश. खोकल्यावर आई लाल औषध द्यायची. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, पण ती तरी काय करणार, गोदामात तेच स्वस्तात मिळायचं.

काकूंना मात्र कळत होतं. त्यांची वही आज माझ्यासमोर आहे म्हणून छातीठोकपणे सांगते. पहिल्या मापाला चोवीस आणि सव्वीस, म्हणजे श्वास भरला की छाती दोन इंच फुगायची. नंतर सव्वीस आणि साडेसत्तावीस. नंतर अठ्ठावीस आणि एकोणतीस. शेवटी तीस आणि साडेतीस. शेजारच्या रकान्यात कंबर वाढत होती आणि इथे श्वास आटत होता. त्या साडेतीसच्या खाली पेन्सिलीची रेघ आहे, दोनदा ओढलेली.

एका शनिवारी आई मला न्यायला दुकानात आली. "त्रास देत नाही ना ही?" तिने सहज विचारलं. काकूंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. हे त्या कुणासाठी करायच्या नाहीत, म्हणून मी बघतच राहिले. त्यांनी वहीवर हात ठेवला. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्टुलाकडे. आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "कसला त्रास."

त्यानंतर महिनाभराने ते झालं. नव्या गणवेशांचं कापड आलं होतं, काकूंनी दिवसभर कापाकापी केली होती, दुकानात तंतू नुसते तरंगत होते. बाहेर चार बस इंजिनं चालू ठेवून उभ्या. मी बिस्किट तोंडात घातलं आणि श्वास आत जाईना. जातच नव्हता. कुणी छातीवर कापडाचा तागा ठेवून वर बसल्यासारखं झालं. मी स्टुलावरून खाली आले. काकूंना वाटलं फ्रॉक आवळतोय. त्यांनी मोठी कात्री घेतली आणि गळ्यापासून कमरेपर्यंत स्वतः शिवलेला फ्रॉक उभा कापला. तरी श्वास येईना. मला उचलणं त्यांच्या बापजन्मी शक्य नव्हतं. मग त्या तशाच, कात्री हातात घेऊन, फाटकातून निघणाऱ्या बससमोर जाऊन उभ्या राहिल्या.

ड्रायव्हरला वाटलं बाईला वेड लागलं. पण तो खाली उतरला, मला पाहिलं आणि काही न विचारता मला खांद्यावर टाकून बसमध्ये नेलं. त्या रिकाम्या बसमध्ये आम्ही दोघीच होतो. बस एकाही थांब्यावर थांबली नाही. थांब्यांवरची माणसं हात दाखवत होती ते मला उलटं उलटं दिसत होतं, आणि काकू माझ्या पाठीवर हात फिरवत एकच वाक्य म्हणत होत्या, "श्वास भर गं. भर. मी मोजतेय."

दवाखान्यात नाकातोंडावर मुखवटा बसवला, त्यातून औषधाची वाफ आली, आणि तासाभराने छातीवरचा तागा उतरला. आई गोदामाच्या एप्रनमध्येच धावत आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, दमा आहे. मग विचारलं, धाप कधीपासून लागते? आणि वजन इतकं कधीपासून वाढलंय?

"वजन?" आई म्हणाली. "वजन कुठे वाढलंय डॉक्टर? दोन वर्षं एकच फ्रॉक घालतेय ती."

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. ओठांत टाचण्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचं तोंड भलतंच लहान दिसत होतं. त्या पुढे आल्या. खाटेवर पडलेला कापलेला फ्रॉक त्यांनी उचलला, उलटा केला आणि कुशीची शिवण आईसमोर धरली. आतल्या कापडावर सुईच्या जुन्या भोकांच्या ओळी होत्या, एकीपुढे एक. आईने बोटाने मोजल्या. पाच.

"ही पहिली," काकू म्हणाल्या. "ही शेवटची, गेल्या महिन्यातली." मग म्हणाल्या, "माझ्याकडे वही आहे. तारखा घालून." आणि टपरीवाल्याला निरोप धाडून त्यांनी ती मागवून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी ती वही बराच वेळ वाचली. छातीचे दोन आकडे म्हणजे काय ते समजून घेतलं. म्हणाल्या, माझ्या कागदांत नाही एवढं हिच्यात आहे. आईने विचारलं, आधी काय झालं, जाड झाली म्हणून दम लागला की दम लागायचा म्हणून जाड झाली?

"आधी कोंबडी की आधी अंडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगावर चरबी वाढली की छातीला नीट फुगायला जागा राहत नाही, शिवाय ती आतल्या आत सूज वाढवते. दम लागला की पोर पळत नाही. पळालं नाही की आणखी जाड होतं. एकदा चक्र सुरू झालं की कुठल्या आऱ्यापासून झालं ते सांगता येत नाही. त्यात तुमच्याकडे बसचा धूर, आणि दुकानात कापडाची धूळ. या भागातली निम्मी पोरं मी अशीच बघते. पोरीला बोलू नका, तिचा काही दोष नाही." मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "या वहीत मात्र आधी कंबर वाढलेली दिसतेय. इथून. या महिन्यात काय बदललं होतं?"

तो महिना मी पहिल्यांदा किल्ली विसरले त्याच्या पुढचा होता. मला तेव्हा कळलं नाही. आईलाही कळलं नसतं. काकूंना ते वही मागवतानाच माहीत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्यांनी हात दाखवला.

"ती माझ्याकडे येऊन बसायला लागली," त्या म्हणाल्या. "मी तिला खायला घालायचे."

आई त्यांच्याकडे वळली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्हाला सगळं दिसत होतं. मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिला पाठवलं नसतं," काकू म्हणाल्या. "मला दुसरं कुणी नाही हो."

आईने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि बराच वेळ तिथेच हात ठेवला. "उद्यापासून ती येणार नाही," ती म्हणाली. काकूंनी मान हलवली, वही काखेत धरली आणि त्या निघून गेल्या. परत जायला त्यांना बस मिळाली की चालत गेल्या, कोण जाणे.

आईने सकाळची पाळी मागून घेतली. तीनला ती शाळेच्या फाटकाशी उभी राहायची आणि आम्ही दोघी मैदानाला फेऱ्या मारायचो, खिशात दम्याचा पंप. पहिल्या महिन्यात अर्धी फेरी, मग एक, मग चार. ते काही मजेचं नव्हतं, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी आईवर चिडलेली असायची, आणि आईपेक्षा जास्त काकूंवर. त्या एकदाही मला बघायला का आल्या नाहीत? रस्ता बारा पावलांचा. मीही गेले नाही ते सोडा, मी लहान होते, असं मी स्वतःला सांगते.

पुढच्या वर्षी गणवेशाच्या मापाला जावंच लागलं. आई सोबत होती. स्टूल तिथेच होतं, त्याच्यावर कापडाचे गठ्ठे. दुकान ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेलं, एक तंतू दिसेना. काकूंनी टेप गुंडाळली.

"सोड. आता भर."

एकोणतीस आणि एकतीस. त्यांनी ते दोनदा मोजलं. टेप किल्लीवर आली होती, कारण किल्ली अजूनही गळ्यात असायची. त्यांचा हात क्षणभर तिथेच थांबला. मला वाटलं मी काहीतरी बोलेन. तेवढ्यात त्यांनी टेप वर सरकवली.

"या खेपेला आत जादा कापड सोडत नाही," त्या आईला म्हणाल्या. "घट्ट झाला तर तुम्हाला कळेल."

"बरं," आई म्हणाली.

तेवढंच. त्यानंतर वर्षातून एकदा माप, आणि शाळा संपल्यावर तेही नाही. मला मैत्रिणी मिळाल्या, कॉलेज आलं, नोकरी आली. दमा गेला नाही, पण कह्यात राहिला. खिडकीतून कधी दिसायचं की टपरीचा पोऱ्या दोन कप घेऊन दुकानात शिरतोय. मी पडदा ओढून घ्यायची. एके वर्षी पाटी उतरली, काकूंना मुलगा घेऊन गेला आणि तिथेच त्या वारल्या. काकूंनी जाताना ठेवलेली एक कागदी पिशवी टपरीवाल्याने आईकडे आणून दिली होती. आईने ती कपाटावर ठेवली आणि मला सांगितलं नाही. तिलाही बोल लावत नाही मी. काही गोष्टी सांगायच्या राहतात, आमच्या दोन्ही घरांत तसंच होतं.

गेल्या महिन्यात, आई गेल्यानंतर घर आवरताना, ती पिशवी सापडली. आत वही. बाकी पोरांची पानं शाळा संपली की संपतात, खाली आडवी रेघ. माझ्या पानाला रेघ नाही. शेवटच्या मापाखाली, दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमाराला, त्याच पेन्सिलीने नवी ओळ आहे. "नजरेने," असं सुरुवातीला लिहिलंय. मग उंची, कंबर, अंदाजे. छातीच्या दोन आकड्यांची जागा रिकामी. अशा सहा ओळी.

शेवटची ओळ मोठी आहे. "नजरेने. उंची पाच फूट दोन. कंबर अंदाजे अठ्ठावीस. निळा कुर्ता, खांद्यात सैल, तयार घेतलेला. सकाळी बसमागे धावली, फाटकापासून पार पुढच्या वळणापर्यंत. बस मिळाली. दम लागला नाही."

ती सकाळ मला आठवते. नोकरीचा पहिला दिवस होता. बसच्या पायरीवर उभी राहून मी मागे वळून वर पाहिलं होतं, डेपोच्या घड्याळात किती वाजले ते बघायला. दुकान त्याच्या अगदी खाली होतं.